मोठ्या फोनात तिचे हात

दुकानदार गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप पिशवीवर जातो. मंगरूळपीरच्या त्या मोबाइलच्या दुकानात शिरले तेव्हा त्याने स्टूल पुढे सरकवलं, पाण्याचं विचारलं आणि एकाच कंपनीचे दोन फोन काचेवर शेजारी शेजारी ठेवले. एक लहान, एक मोठा. मोठा चार हजारांनी महाग.

"ताई, माहं ऐका, मोठाच न्या," तो म्हणाला. "लहान घेतला तं महिनाभरात पस्तावसान."

मी पस्तावीन नाहीतर नाचेन, तुला काय करायचं, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. मोठ्या फोनावर त्याला जास्त सुटत असणार, हे कळायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत. आणि ओळख ना पाळख, जो माणूस बसायला स्टूल देतो, तो त्या स्टुलाचे पैसे कुठेतरी लावणारच.

मी संशयी आहे, हे मी कबूल करते. आमचा धंदाच तसा. गावाला लागून दीड एकर आहे, त्यात आम्ही भाजी करतो. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. वांग्याचं कॅरेट भरताना वाकडी, डागाळलेली वांगी तळाशी जातात आणि वर एकसारखी, चकचकीत, देठाला हिरवीगार वांगी मांडली जातात. बापाने मला हे शिकवलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तो कोपरापर्यंत हात घालून तळाचं वांगं वर काढतो. जिने जन्मभर वरचा थर सजवला, तिला दुसऱ्याचा वरचा थर कसा पटेल? नवरा म्हणतो, तुला कावीळ झाली आहे, सगळं पिवळं दिसतं. असेल.

पण फोन मला मिरवायला नको होता. मला माझ्या धाकट्या बहिणीचे हात पाहायचे होते.

ती जन्मापासून ऐकत नाही, म्हणून बोलतही नाही. लोक तिला मुकी म्हणतात. माझ्यासमोर कोणी म्हटलं तर मी त्याची खरडपट्टी काढते, कारण ती बोलते आणि एकदा सुरू झाली की मला पाणी प्यायला उसंत देत नाही. हातांनी बोलते. तिची भाषा कुठल्या शाळेतली नाही. ती शाळेत दोन वर्षं गेली, नाव लिहायला शिकली आणि घरी बसली. आमची भाषा आम्ही वाफ्यांच्या मधे बसून केली. आई, मी आणि ती. दोन मुठी जवळ आणून पीळ दिला की मेथी, कारण मेथीची जुडी तशी बांधतात. दोन्ही तळवे पालथे करून सरकवले की पाणी सोडलं. कपाळाला बोट लावलं की आई, नथ घालतात तिथे चिमूट धरली की मी. आई गेली तेव्हापासून ही भाषा पूर्ण येणारी माणसं जगात दोनच उरली. माझ्या नवऱ्याला शंभरेक खुणा येतात, तिच्या नवऱ्याला त्याहून जरा जास्त.

तिला किन्हीराजा गावात दिली. जावयाची दोन एकर कोरडवाहू आहे, तेवढ्यावर भागत नाही. म्हणून दिवाळी झाली की दोघं टोळीबरोबर ऊस तोडायला जातात, लांब, पश्चिमेकडे, आणि उन्हाळा लागला की परत येतात. नऊ वर्षं हेच चाललं आहे. आधी चार-पाच महिने तिचा काही पत्ता लागत नसे. मग व्हिडिओ कॉल आला आणि माझ्या जिवात जीव आला. दिवेलागणीला जावई फोन लावायचा, फोन पाण्याच्या डब्याला टेकवायचा आणि बाहेर निघून जायचा. ती समोर मांडी घालून बसायची. मग अर्धा-अर्धा तास आमचे हात चालायचे. कोणाची गाडी उलटली, कोणत्या बाईला जुळं झालं, मुकादमाची बायको किती नखरे करते, सगळं. फोनातून आवाज एक नाही, आणि मी एकटीच हसत बसलेली. शेजारणीला वाटायचं बाई कामातून गेली.

यंदा दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवस हे असंच चाललं आणि मग बिघडलं. जावई फोन टेकवेनासा झाला. स्वतः हातात धरून तिच्यासमोर बसायला लागला. आणि धरायचा कसा, तर अगदी जवळून. कपाळ, डोळे, हनुवटी, आणि तिथे चित्र संपलं. ती हसायची. मान हलवायची. मी विचारलं, जेवलीस? मान हलली. काम जड आहे? मान हलली. बरी आहेस? मान हलली. पाच मिनिटांत फोन बंद.

बोलणाऱ्या माणसाचं तोंड दिसलं म्हणजे झालं. पण हिचं तोंड म्हणजे हिचे हात. हनुवटीखाली चित्र कापलं तर ते तोंडावर हात दाबण्यासारखंच आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मी त्याला म्हटलं, "बापू, फोन डब्याले टेकवून द्या ना. तिले बोलू द्या."

"वारा लय हाये ताई, पडते फोन," तो म्हणाला.

वारा! बहिणीच्या मागे खोपटाला लटकवलेली चिंधी मला दिसत होती. हलत नव्हती. ती चिंधी मी मनात टिपून ठेवली. पुढच्या वेळी म्हणाला अंधार आहे. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाला चार्जिंग नाही. मी किन्हीराजाला त्याच्या आईला फोन केला, तर म्हातारी माझं विचारून व्हायच्या आधीच म्हणाली, "बरं हाये सारं, बरं हाये." एवढ्या घाईने कोणी बरं सांगतं का?

मी नवऱ्याला म्हटलं, "तो तिले बोलू देऊन नाई राह्यला. मारत असन. हातावर वळ असतीन, म्हनून हात दाखवत नाई."

"नऊ वर्षांत मारलं नाई त्यानं," नवरा म्हणाला. "आता काहून मारन?"

"दारू लागली असन."

"तुले दिसली काय दारू?"

"तेच तं. दिसू देऊनच नाई राह्यला ना काही!"

दीड महिना हे असं चाललं. मेथी उपटताना, वांगी तोडताना माझ्या डोक्यात तोच. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. मनातच ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी बाजारात सांगितलं, बहिणीच्या नणंदेला सांगितलं, भाजी घ्यायला येणाऱ्या दोघी-तिघींना सांगितलं, की आमच्या जावयाचं लक्षण ठीक दिसत नाही.

आणि मग मला फोनाचं सुचलं. माझा फोन म्हणजे नवऱ्याने वापरून टाकलेला, तळहाताएवढा, काचेला तडा गेलेला. माझा हिशोब सरळ होता. आधी तो फोन लांब टेकवायचा, म्हणून माझ्या लहानशा काचेत बहीण पूर्ण मावायची. आता जवळ धरतो, म्हणून चेहऱ्यानेच काच भरून जाते आणि हातांना जागा उरत नाही. मग काच मोठी घ्यायची. खिडकी मोठी केली की अंगण जास्त दिसतं, टोपली मोठी घेतली की भाजी जास्त बसते. त्याने कितीही जवळ धरो, मोठ्या फोनात खालचं आलंच पाहिजे. त्याला पत्ताही लागणार नाही आणि त्याची चोरी पकडली जाईल. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

म्हणून मी त्या स्टुलावर बसले होते.

मी दोन्ही फोन हातात घेतले. वीत लावून पाहिली. मोठा लहानापेक्षा उंचीला दीड बोट जास्त, रुंदीला अर्धं. चार हजार रुपये दीड बोटाचे! मी दुकानदाराला विचारलं, यातला कॅमेरा वेगळा आहे का? नाही, सारखाच. आतलं यंत्र? सारखंच. मग पैसे कशाचे? म्हणाला, स्क्रीनचे आणि बॅटरीचे. मी म्हटलं, खोका फोडलेला तर नाही ना? त्याने चिकटपट्टी दाखवली. चार्जर कुठे आहे? म्हणाला, आता कंपनी देत नाही, वेगळा घ्यावा लागतो. हे मला अजिबात पटलं नाही, मी दोन दुकानं आधीच फिरून आले होते, तिथेही हेच ऐकलं होतं, तरी पटलं नाही. काचेला लावायचा कागद फुकट म्हणाला तेव्हा तर मी सावधच झाले. फुकटच्या कागदाचे पैसे फोनातच धरलेले असतात.

एवढं सगळं तपासलं आणि जे विचारायचं ते एका वाक्यात विचारून मोकळी झाले.

"भाऊ, खरं सांगा. मोठ्या फोनात जास्त दिसते काय?"

"दिसते म्हंजे?" तो म्हणाला. "सारं मोठ्ठं दिसते ताई. हातच्या काकणाले आरसा कायले? हे पाहा." आणि त्याने दोन्ही फोनांवर एकच लग्नाचा व्हिडिओ लावला.

मी पाहिला. नवरी मोठ्या फोनात मोठी दिसत होती. तिचे मेंदीचे हात दिसत होते. लहान फोनातही दिसत होते, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. दुकानदार खोटं बोलला नाही, हे मी आज शपथेवर सांगेन. मी विचारलं एक, तो बोलला दुसरं, आणि मी ऐकलं माझ्या मनातलं.

तरी लगेच घेतला नाही. उठून बसस्टँडवर गेले, चहा घेतला, एका पारावर तासभर बसले. अनसिंगची गाडी लागली, भरली, गेली. यंदा अर्ध्या वाफ्यांना ठिबकच्या नवीन नळ्या टाकायच्या ठरल्या होत्या, उंदरांनी जुन्या कुरतडल्या होत्या. ते चार हजार म्हणजे त्या नळ्या. नळ्या नाही टाकल्या तर उन्हाळ्यात मला आणि नवऱ्याला पाळीपाळीने दार धरावं लागणार, वाफ्यावाफ्यात पाणी वळवत, पहाटे उठून. लहान फोन घेतला तर नळ्या येतात. पण लहान फोन घेऊन जर हात दिसलेच नाहीत, तर घेतला कशाला? मग वाटलं, हा दुकानदार मला फसवतो आहे. मग वाटलं, नवरा मला लहान घे म्हणतो कारण त्याला नळ्या हव्या आहेत, माझ्या बहिणीचं त्याला काय? त्या पारावर बसून मी जगातल्या प्रत्येक माणसावर एकेकदा संशय घेतला. स्वतःच्या हिशोबावर तेवढा घेतला नाही.

मोठा घेतला.

घरी नवऱ्याने खोका पाहिला, बिल पाहिलं आणि फोन हातात तोलून म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड."

मी म्हटलं, "तुमच्या बहिनीसाठी असता तं हलका लागला असता." त्याला एकच बहीण होती, ती वारली आहे. शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. तो बाहेर जाऊन कुरतडलेल्या नळीला गाठी मारत बसला.

संध्याकाळी मी फोन पत्र्याच्या डब्याला टेकवला, समोर बसले, हात मोकळे ठेवले. जावयाचा कॉल आला. बहिणीचा चेहरा आला. काय मोठा आला! एवढी जवळ ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती. पण कपाळ, डोळे, हनुवटी, आणि तिथे चित्र संपलं. जसंच्या तसं. मी बोटाने चित्र वर ओढलं, हनुवटीखालचं वर येईल म्हणून. येईना. फोन आडवा केला, चेहरा आडवा झाला. खाली वाकून काचेच्या कडेतून आत पाहिलं. हो, पाहिलं, विहिरीत पाहतात तसं. ती तिकडे माझ्याकडे बघून हसत होती आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी भाजी उतरवली आणि थेट दुकानात. चार गिऱ्हाइकं होती, असू देत.

"हात कुठं गेले?" मी फोन काचेवर आपटला. आपटला म्हणजे ठेवला, पण आवाज झाला.

"कोनाचे हात, ताई?"

"माह्या बहिनीचे. तुमी म्हटलं मोठ्यात जास्त दिसते. चेहराच दिसून राह्यला नुसता. हात नाई त्याच्यात. फसवलं तुमी मले."

गिऱ्हाइकं हसली. तो हसला नाही, हे त्याचं मी मानते. त्याने सगळं विचारून घेतलं, मग स्वतःच्या खिशातला फोन काढला, माझ्या नव्या फोनावर कॉल लावला आणि स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरला. माझ्या फोनात त्याचं नाक आणि मिशी आली. मग त्याने दुसऱ्या हाताने माझा जुना, तडा गेलेला फोन मागितला, त्यावरही तेच करून दाखवलं. तेच नाक, तीच मिशी, फक्त लहान. मग तो तीन पावलं मागे गेला, फोन शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर केले. दोन्ही फोनांत त्याचे दोन्ही हात आले.

"ताई, तिकडून जेवढं दाखवतीन तेवढंच इकडं येते," तो म्हणाला. "फोन लहान असो का मोठा. किती दाखवाचं ते धरनारा ठरवते."

मी पुन्हा त्याच स्टुलावर बसले. शरम वाटली, फार वाटली. दहावीपर्यंत शिकलेली बाई मी, आणि मी फोनाला टोपली समजले होते. उघडलेला फोन तो परत घेणार नव्हता, मी विचारलंही नाही. पण शरम ओसरली तेव्हा खाली त्याचं वाक्य तसंच होतं. धरणारा ठरवतो. म्हणजे फोनाचा काही दोष नाही, काचेचा नाही, वाऱ्याचा नाही. माझ्या बहिणीचे हात कोणीतरी ठरवून कापत होतं. मला आता जावयाबद्दल शंकाच उरली नाही.

घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, आज त्याला असा सोलते की बास. नवऱ्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"थांब. ती तिथं, तो तिथं. तू इथून शिव्या देशीन आन तो खरंच तसा असन, तं मार तिले बसन. आपन जाईपर्यंत दोन दिवस जातीन." मग म्हणाला, "आज काही बोलू नको. नुसती पाह्य. एवढा मोठा घेतला ना? मंग पाह्य."

त्याचं मी सहसा ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं.

संध्याकाळी कॉल आला आणि मी तोंडाला कुलूप लावून पाहत बसले. नवरा माझ्या मागे उभा. पहिल्यांदा मी तिच्या गालावर, डोळ्यांखाली वळ शोधले. नव्हते. मग मला तिचा भांग दिसला. आमच्या घरात वाकडा भांग चालत नसे, आई फणीच्या दांड्याने डोक्यात हाणायची. माझ्या बहिणीचा भांग म्हणजे सुतात धरलेला. तो वाकडा होता, मधेच डावीकडे वळून पुन्हा उजवीकडे आला होता. वेणी एका कानामागून ओढून घातलेली, दुसऱ्या कानावर केस सुटलेले. कुंकू कपाळाच्या मधोमध नव्हतं, एका भुवईकडे सरकलेलं, आणि मोठं, बोट नीट न टेकवता लावलेलं. दीड महिना हे माझ्या समोर होतं आणि त्या तळहाताएवढ्या तडकलेल्या काचेत मला काही दिसलं नव्हतं.

"हे हिनं नाई घातली वेनी," मी म्हटलं.

आणि दुसरी गोष्ट दिसली. भीती असलेली बाई फोन धरणाऱ्याकडे बघते, मग बोलते. ही त्याच्याकडे बघत नव्हती. ती मधूनच खाली, मांडीकडे बघायची, हनुवटीने वर अशी खूण करायची, आणि तिने खूण केली की फोन वर सरकायचा. म्हणजे धरणारा तो होता. ठरवणारी ती होती.

मी फोन टेकवला होता तिथून मागे सरकले, माझे दोन्ही हात तिला दिसतील असे केले आणि म्हटलं, हात दाखव. तिने मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हटलं. नाही. मग मी कपाळाला बोट लावलं, आईची खूण केली, आणि गळ्याची कातडी चिमटीत धरली. आईची शपथ आमच्यात कोणी वायफळ घालत नाही, आई गेल्यापासून मी एकदाही घातली नव्हती. तिचं हसू गेलं. शेवटी तिने नवऱ्याकडे पाहून मान डोलावली, आणि चित्र खाली सरकलं.

उजव्या हाताला पांढरी पट्टी होती. पट्टीतून अंगठा बाहेर होता आणि पलीकडची दोन बोटं बाहेर होती. मधली दोन नव्हती.

मी ओरडले असेन, कारण नवऱ्याने माझा खांदा धरला. जावयाचा आवाज आला. तो सांगत होता आणि मधे मधे थांबत होता. उसाच्या बुडाशी कोयता मारताना सटकला. ती डाव्या हाताने कोयता मारते, उजव्याने ऊस धरते. लगेच दवाखान्यात नेलं. बोटं जोडण्यासारखी राहिली नव्हती. आता जखम भरत आली आहे.

"म्या म्हटलं ताईले सांगू," तो म्हणाला. "तिनं मले मायची आन घातली. म्हने हात दाखवशीन तं पाह्य. माह्या बुढीलेबी तेच सांगतलं. वेनी म्या घालतो, ताई. येत नाई नीट."

मी तिला विचारलं, का? का लपवलंस माझ्यापासून? माझ्या खुणा एकात एक जात होत्या, पण तिला कळलं.

तिने डाव्या हाताने नथीच्या जागी चिमूट धरली. म्हणजे मी. पुढची खूण तिला एका हाताने करता येईना. आमच्यात भांडण म्हणजे दोन हातांची पहिली बोटं एकमेकांवर आपटायची, आणि तिच्या उजव्या हाताला ते बोट राहिलं नव्हतं. मग तिने फोनाच्या बाजूने हात घालून नवऱ्याचा मोकळा हात फोनासमोर ओढला, त्याचं बोट सरळ केलं आणि स्वतःचं बोट त्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याच्याकडे बोट दाखवलं.

तू भांडशील. याच्याशी.

उसाचा रस चिकटून काळा पडलेला त्याचा तो हात काचेत तसाच थांबला होता. बोट सरळ धरलेलं, तिचं बोलून व्हायची वाट पाहत. माझ्या मागून माझ्या नवऱ्याने नाक ओढलं.

मला म्हणायचं होतं, नाही भांडणार. पण माझे हात उठेनात. दीड महिना मी काय काय बोलून बसले होते ते तिला ऐकू गेलं नव्हतं, त्याला कोणी सांगितलंही नसेल, पण तिला न ऐकताच माहीत होतं. ती मला ओळखते. म्हणून तिने स्वतःचं तोंड बंद करून घेतलं होतं.

ती ऐकत नाही, तो ऐकतो. म्हणून मी त्याला विचारलं, दीड महिन्यात जे एकदाही विचारलं नव्हतं.

"बापू, तुमी जेवले काय?"

पलीकडे फोन जरा हलला.

"जेवलो ताई," तो म्हणाला. "आज भाकर माह्या हातून जराशी करपली."